चाकाचाही तोल पाहावा

मोटारगाडीचे टायर बदलले की दुकानदार चाक यंत्रावर चढवतो, गरगर फिरवतो आणि रिमला वजनाचे बारके तुकडे बसवतो. मोटारसायकलच्या वाट्याला मात्र हा सोपस्कार क्वचितच येतो. खेड्यात तर आपणच टामीने टायर काढतो, आपणच चढवतो आणि एक्सलचा नट आवळला की काम झाले असे समजतो. माझ्या मते काम तेथे संपत नाही. ज्याने हाताने टायर बदलला, त्याने हातानेच चाकाचा तोलही पाहिला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "आपली गाडी ती केवढी आणि तिचा वेग तो किती!" हा आक्षेप अगदीच खोटा नाही. बैलाच्या चालीने फिरणाऱ्या चाकाला तोलाची चिंता नव्हती. परंतु वेग दुप्पट झाला की जड बाजूची ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. समजा, १८ इंची रिमच्या कडेला एका बाजूस २० ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात त्याची ओढ सुमारे ६०० ग्रॅम वजनाइतकी असते. ८० च्या वेगात ती अडीच किलोंच्या घरात जाते. आणि हा धक्का सेकंदाला जवळजवळ बारा वेळा बसतो! हँडल थरथरते, बेअरिंगवर ताण येतो, टायर एकसारखा झिजत नाही. गावातल्या वाटेवर जे जाणवत नाही, ते हमरस्त्यावर जाणवते. आणि तेथे आपल्या मागे बहुधा घरातलेच कोणीतरी बसलेले असते.

बरे, यासाठी महागडे यंत्र लागते काय? मुळीच नाही. टायर चढवतानाच त्यावरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने ठेवावा. टायरवर हलक्या बाजूचा रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणावा, कारण व्हॉल्व्हची बाजू बहुधा जड असते. हवा भरल्यावर रिमलगतची रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. टायर वाकडा बसला असेल किंवा चाकच आऊट असेल, तर कितीही वजने लावा, उपयोग नाही.

मग ड्रम ब्रेकची लायनरची पाटी बाजूला काढून एक्सल चाकात घालावा व त्याची टोके सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर टेकवावीत. चाक हळूच फिरवून सोडावे. जड बाजू आपोआप खाली येते. दोन-तीनदा तीच बाजू खाली आली की तिच्या बरोबर वरच्या टोकाला ५-५ ग्रॅमची वजने तात्पुरती चिकटवून पाहावे. चाक कोठेही सोडले तरी तेथेच थांबले, की तोल साधला. रिम स्वच्छ पुसून वजन पक्के करावे; तारांचे चाक असेल तर तारेवर बसणारे वजन लावावे. मात्र बेअरिंग मोकळे हवे. खरखरणारे बेअरिंग खोटी साक्ष देते.

या रीतीने चाकाचा डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक कळत नाही, हे खरे. पण मोटारसायकलचे चाक अरुंद असल्याने तो फरक लहान असतो.

मित्रहो, वर्तुळाकार गती आपण शाळेत पाठ केली, गुण मिळवले आणि विसरलो. ती गती रोज आपल्या गाडीखाली फिरत असते. पुस्तकातले ज्ञान आणि पान्याचे काम या दोन वेगळ्या जाती आहेत, असे मानण्याची सवय आपल्याला जडली आहे. पदवी घेणाऱ्याने हात काळे करू नयेत, असे कोणी सांगितले? दोन स्टुले आणि अर्धा तास, एवढाच खर्च आहे. पुढचा टायर बदलाल तेव्हा तो जरूर करा.