लाल डाग म्हणजे पुरावा नव्हे

डिजिटल नकाशात हीटमॅपचा, म्हणजे नोंदींची दाटी रंगाने दाखवणारा, थर घालणं आता दोन क्लिकचं काम झालं आहे. त्याचे कैवारी तीन गोष्टी सांगतात: हजारो ठिपक्यांची गर्दी डोळ्यांना पेलत नाही, हीटमॅप तीच माहिती एका नजरेत दाखवतो आणि त्यात करणाऱ्याचं मत मिसळत नाही. पहिली गोष्ट निर्विवाद. उरलेल्या दोन टिकत नाहीत.

'तीच माहिती'? लंडनच्या सोहो भागातली 1854 ची कॉलऱ्याची साथ पाहा. डॉक्टर जॉन स्नोने मृत्यू घरागणिक नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटी दिसली. पण दाटीचं कारण दूषित हवा असंही सांगता येत होतं आणि सांगितलं गेलंही. कारण पंपाचं पाणी आहे, ही स्नोची बाजू भक्कम केली ती अपवादांनी. पोलंड स्ट्रीटवरच्या गरिबांच्या आश्रयगृहाला साथीने वेढलं होतं, तरी 535 पैकी फक्त 5 जण दगावले. तिथे स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातले सत्तरहून अधिक कामगार पंपाच्या वाटेला जात नसत. त्यांच्यात एकही मृत्यू नाही. हीटमॅपने शेजारचा लाल रंग या दोन्ही इमारतींवर फासला असता आणि नेमका पुरावाच पुसला असता.

'मत मिसळत नाही'? प्रत्येक ठिपक्याची त्रिज्या करणाराच ठरवतो. ती वाढवली की चार ठिपक्यांचा एक डाग होतो, घटवली की तो फुटतो. लीफलेट या वेब-नकाशांच्या लायब्ररीच्या प्रचलित हीटमॅप प्लगिनमध्ये ती मुळात 25 पिक्सेल असते. झूम एक पायरी वाढला की तेवढेच पिक्सेल जमिनीवर निम्मं अंतर व्यापतात. वाचकाने माउसचं चाक फिरवलं की 'हॉटस्पॉट' बदलतो!

शिवाय थर नोंदी मोजतो, वास्तव नव्हे. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्रावा ॲपच्या 2017 च्या हीटमॅपवर सीरिया आणि अफगाणिस्तानातले लष्करी तळ उजळले, कारण तिथे ते ॲप वापरणारे मुख्यतः परदेशी सैनिक होते. आसपासची गावं काळी दिसली. ती ओस पडली होती म्हणून नव्हे.

मग हीटमॅप टाकूच नये का? जरूर टाकावा. स्ट्रावाच्याच थरावरून ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचे स्वयंसेवक नकाशातून सुटलेल्या पायवाटा शोधतात. 'नोंदी कुठे दाटल्या?' एवढंच विचारायचं असेल, तर याहून चांगलं साधन नाही. मात्र त्रिज्या मीटरमध्ये ठरवा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. ठरवलेली त्रिज्या नकाशाच्या सूचीत लिहा. रुग्णांचं किंवा अपघातांचं प्रमाण दाखवायचं असेल, तर लोकसंख्येने भागून वॉर्डनिहाय नकाशा रंगवा. झूम वाढला की डाग विरून मूळ ठिपके दिसू द्या; ठिपके खासगी असतील, तर गल्लीनिहाय बेरीज द्या.

हीटमॅप शोधाची दिशा दाखवतो, निकाल देत नाही. ज्या डागाखालची आकडेवारी उघड करण्याची तयारी नाही, त्याच्या भरवशावर एकही निर्णय घेऊ नये.