पिस्तुलामागचे अर्थकारण

दारिद्र्यातून गुन्हेगारी जन्मते, हे विधान मुंबईतील टोळीयुद्धांच्या काळात अधिकाऱ्यांपासून व्याख्यात्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसले. विधान अगदीच खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे आणि गरिबांवर अन्याय करणारेही आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडायला गेली. त्यांच्याइतके दरिद्री कोण होते? त्यांनी पिस्तूल हाती घेतले नाही.

गिरणगावातील कामगारही कधी सुखवस्तू नव्हता. चाळीतल्या एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत. मात्र त्या गरिबीला पाळीची शिस्त होती, युनियनचा आधार होता, आणि बदली कामगार म्हणून का होईना, मुलाला आपल्या खात्यात चिकटवून देण्याची बापाला आशा होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वेतनवाढ व बोनस यांबरोबरच, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिलेला मक्ता मोडावा, ही त्यांची मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारोंना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. बापाची नोकरी गेली, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाची वाट बंद झाली. टोळीने ती पोकळी भरली: हाती रोकड, गल्लीत दरारा, तुरुंगात गेल्यास घरखर्चाची हमी. कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याने यातले काय दिले होते?

येथवर चर्चा पुरवठ्याची झाली. मागणीबद्दल मात्र सभ्य समाज मौन पाळतो. मारेकरी पोरगा चाळीतला असेल. त्याच्या कामाचा मोबदला चाळीतून येत नव्हता. बंद गिरण्यांखालची जमीन कापडापेक्षा कितीतरी मोलाची ठरली होती. गिरणी हलवून जमीन मोकळी करण्याचा वाद पेटलेला असतानाच, ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे सुनीत खटाव यांची गोळ्या घालून हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळच डॉ. दत्ता सामंत मारले गेले. मालक आणि कामगारनेता, दोघेही बंदुकीचे बळी. तेव्हा हे केवळ भुकेचे हिंसाचार कसे म्हणावेत?

शासनाने १९९९ मध्ये मोक्का आणला, पोलिसांनी चकमकी केल्या. टोळ्यांचा जोर ओसरला, हे मान्य केले पाहिजे. पण चकमकीत पडले ते बहुधा हुकूम झेलणारे. जमिनीचा हिशेब कोणी मागितला नाही. उलट, १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरवण्यात आली. सार्वजनिक वाटे आक्रसले, मालकाचा फुगला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

शिकागोच्या दक्षिण भागात पोलादाचे कारखाने बंद पडल्यानंतरच्या वस्त्यांविषयी विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९९६ मध्ये हेच मांडले होते: गरिबीपेक्षा कामाचे नाहीसे होणे वस्तीला अधिक पोखरते. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची सोडत निघू लागली ती संपानंतर तब्बल तीस वर्षांनी, २०१२ मध्ये. उरलेल्यांना आता शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते. कामगारांचे वारस मात्र घर मुंबईतच मागत आहेत.