टीम आमची, मैदान गहुंज्याचं!

भाट्याच्या पुळणीवर क्रिकेट खेळायचं म्हणजे आधी ओहोटी कधी आहे ते बघावं लागतं. पाणी मागे गेलं की ओली घट्ट वाळू उघडी पडते, तिथे काठ्या खोचून स्टंप करायचे आणि सुरू! तासा-दीड तासाने भरती चढायला लागली की पीच दहा पावलं सुरूच्या बनाकडे सरकतं. याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. मैदान सरकलं तरी हाकेच्या अंतरावरच असतं ना!

तर एका रविवारी अशीच मॅच चालू असताना, विदर्भातून आलेल्या आमच्या एका ज्युनिअरने निरागसपणे विचारलं, "दादा, तुमची ती रत्नागिरी जेट्स खेळते कुठे? एकदा बघायला जाऊ ना सगळे." आम्ही सगळे खो खो हसलो. हसून झाल्यावर मात्र लक्षात आलं की त्याचा प्रश्न बरोबर होता, चुकीचं होतं ते उत्तर.

महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. पहिल्याच वर्षी विजेती कोण, तर रत्नागिरी जेट्स! २०२४ मध्ये पुन्हा जेट्सच! हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये काय दंगा झाला होता, रेक्टर सरांना अजून आठवत असेल (सर, सॉरी). पण या दोन्ही ट्रॉफ्या मिळवताना जेट्सने रत्नागिरीत एकही बॉल टाकला नाही. सगळे सामने गहुंज्याला. कोल्हापूरचे, नाशिकचे, सोलापूरचे संघसुद्धा तिथेच. म्हणजे नावं सहा गावांची, आणि मैदान अशा ठिकाणी जे धड पुण्यातही नाही!

मला बोलायचंय ते या "धड पुण्यातही नाही" बद्दल.

पुण्याचं क्रिकेट पूर्वी शहराच्या मध्यात होतं. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये नाबाद ४४३ केले ते पूना क्लबच्या मैदानावर, कॅम्पात. नंतर आलं स्वारगेटचं नेहरू स्टेडियम. १९८४ ते २००५ या काळात तिथे एकदिवसीय सामने झाले. २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं तेही इथेच. लाराची वेस्ट इंडिज आणि केनिया! वर्ल्ड कपच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी एक, आणि तो बसला एस.टी. स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर.

आता आपल्याकडच्या पोरांनी जरा विचार करा. रत्नागिरीहून रात्री सुटलेली एस.टी. सकाळी आपल्याला कुठे उतरवते? स्वारगेटला. म्हणजे जुनं मैदान फक्त पुणेकरांचं नव्हतं. ते कोकणातून, साताऱ्याहून, सांगलीहून येणाऱ्या प्रत्येकाचं होतं. पिशवी खांद्याला लावायची, मिसळ खायची आणि चालत आत जायचं. मॅच संपली की रात्रीच्या गाडीने परत.

मग मैदान हललं का? कारण ऐकाल तर हसाल. नेहरू स्टेडियम पुणे महापालिकेचं. मॅच भरवायची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने. तिकिटं आणि पास कुणाला किती, यावरून दोघांचं जमेना. शेवटी असोसिएशनने ठरवलं, आपलं स्वतःचं मैदान असावं. शहरात तेवढी जागा कुठून आणणार? मग थेट मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या कडेला, गहुंज्याला. २०१२ मध्ये मैदान सुरू झालं.

गंमत अशी की मुंबईत हेच भांडण चाळीस वर्षं आधी झालं होतं. ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने मुंबई असोसिएशनचे, आणि वाद काय तर सीट्स कुणाला किती! तिथेही असोसिएशन रुसली आणि तिने स्वतःचं मैदान बांधलं. १९७५ च्या जानेवारीत वानखेडेवर पहिली कसोटी झाली. पण मुंबईकर रुसून गेले कुठवर? ब्रेबर्नपासून एक किलोमीटरसुद्धा नाही! चर्चगेटला उतरून डावीकडे जायचं की उजवीकडे, एवढाच काय तो फरक पडला. पुणेकर तेच रुसले आणि पंचवीस-तीस किलोमीटर लांब जाऊन बसले. भांडण तेच, फक्त भाडं वाढलं. आणि ते भरतोय प्रेक्षक.

गहुंज्याला शिव्या घालायला मी हा लेख लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो. स्टेडियम म्हणून ती वास्तू झकास आहे. हॉपकिन्स या ब्रिटिश आर्किटेक्ट कंपनीचं डिझाइन आहे. सिव्हिलवाल्यांनी ते छत एकदा खाली उभं राहून बघावंच. नेहरू स्टेडियमवर पुण्याला कधी कसोटी मिळाली नाही, ती २०१७ मध्ये गहुंज्याला मिळाली (आपण ३३३ धावांनी हरलो, तो भाग वेगळा). २०२३ च्या वर्ल्ड कपमधले पाच सामने इथे झाले. शहरातल्या जुन्या मैदानात हे जमलं असतं का? बहुधा नाही. तेव्हा 'जुनं ते सोनं' छाप रडगाणं मला गायचं नाही.

पण तिथे पोचायचं कसं?

३१ जानेवारी २०२५ ला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी होती. आम्ही चौघे गेलो. रात्रीच्या गाडीने स्वारगेट, दिवसभर एका मित्राच्या रूमवर लोळलो. दुपारनंतर मेट्रो धरली. ही स्वारगेट-पिंपरी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरपासून पूर्ण सुरू झालीये, आणि मानलं पाहिजे, पिंपरीपर्यंत अक्षरशः लोण्यातून सुरी फिरावी तसे गेलो. पुढे मेट्रो संपते. मग बसने निगडी, मग शेअर रिक्षा. देहूरोडच्या पुढे रिक्षा जी थांबली ती थांबलीच. शेवटचा टप्पा पायीच तुडवला. सीटवर जाऊन बसलो आणि फलकाकडे पाहिलं तर १२ धावांत ३ बाद! साकिब महमूदने एकाच ओव्हरमध्ये तिघांना उडवलं होतं. मॅचमधली सर्वांत थरारक ओव्हर आम्ही देहूरोडच्या धुरात काढली.

बरं, सुरुवात हुकली तर हुकली. शिवम दुबे आणि हार्दिकने प्रत्येकी ५३ करून पैसे वसूल केले. इंग्लंडची बॅटिंग रंगात आली, दुबेच्या डोक्याला बॉल लागला म्हणून त्याच्याजागी हर्षित राणा आला, विकेट्स काढायला लागला... आणि आमच्यातला एक म्हणाला, "निघूया. नाहीतर मेट्रो चुकेल." सतराव्या ओव्हरला आम्ही उठलो. भारत १५ धावांनी जिंकला हे आम्हाला कळलं ते सर्व्हिस रोडवर मागून आलेल्या आरोळीवरून! आणि मेट्रो? ती चुकलीच. रिक्षावाल्याने माणशी दोनशे घेतले आणि तेही निगडीपर्यंतच. रात्रीचे अडीच वाजता स्वारगेट स्टँडच्या बाकड्यावर बसलो होतो तेव्हा समोर नेहरू स्टेडियमच्या दिशेला पाहून हसावं की रडावं कळेना. जिथे मेट्रो येते तिथून मैदान गेलं, आणि जिथे मैदान गेलं तिथवर मेट्रो पोचलेली नाही! ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगच्या पेपरला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आणि हे फक्त आमच्यासारख्या एस.टी.छाप लोकांचं दुखणं नाही. २४ ऑक्टोबर २०२४ ला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी भर उन्हात प्रेक्षकांना प्यायला पाणीच मिळेना, लोकांनी घोषणा दिल्या. असोसिएशनने माफी मागितली आणि कारण सांगितलं की पाण्याच्या गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या. म्हणजे बघा, त्या रस्त्याने पाणीसुद्धा वेळेवर पोचत नाही, तिथे माणसांचं काय घेऊन बसलात!

मित्रांनो, लांब असणं हा गुन्हा नाही. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम तरी कुठे मुंबईच्या मध्यात आहे? २०११ मध्ये तर गहुंजे तयार नव्हतं म्हणून 'पुणे' वॉरियर्सचं घर नेरूळला होतं. पण तिथे हार्बर लाइनच्या लोकलने जाता येतं. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी तिथे वर्ल्ड कप जिंकला तेव्हा ते मैदान भरलं होतं. गहुंज्याजवळही लोणावळा लाइनवर बेगडेवाडी आणि देहूरोड ही स्टेशनं आहेत. पण मॅचच्या रात्री त्या लाइनवर सुटणाऱ्या जादा लोकल आणि स्टेशनपासून गेटपर्यंत बस यांचा विचार मैदानाच्या नकाशाबरोबरच व्हायला हवा होता. नकाशात आधी पार्किंग येतं. आणि पार्किंग आधी येणं याचा अर्थच हा की, ज्याच्याकडे गाडी आहे तो प्रेक्षक.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्या आधी केलाय. डेट्रॉइटचा फुटबॉल संघ, लायन्स, १९७५ मध्ये शहर सोडून पॉन्टिअॅक या उपनगरात गेला. बास्केटबॉलचा पिस्टन्स संघ १९७८ मध्ये त्याच्या मागोमाग. कारण तेच, मोकळी जागा, हायवे, आणि गाडीवाला प्रेक्षक तिकडेच राहायला गेलेला. पुढे काय झालं? लायन्स २००२ मध्ये परत शहरात आले, पिस्टन्स २०१७ मध्ये. साडेपाच कोटी डॉलरच्या वर खर्चून बांधलेलं पॉन्टिअॅकचं ते अवाढव्य स्टेडियम २००९ मध्ये लिलावात ५ लाख ८३ हजार डॉलरला गेलं. २०१७ मध्ये ते सुरुंग लावून पाडायचं ठरलं, तर पहिल्या दिवशी पडेचना! दुसऱ्या दिवशी पडलं. (बांधकाम मात्र एक नंबर असणार.) उलटी उदाहरणंही आहेत म्हणा. अटलांटाचा बेसबॉल संघ २०१७ मध्येच शहर सोडून उपनगरात गेला, वीस वर्षांचं धडधाकट मैदान मागे टाकून. तेव्हा जगाने एकच धडा घेतलाय असं काही नाही.

माझा खरा मुद्दा मोठ्या मॅचचा नाहीच. भारत-इंग्लंडला लोक चंद्रावरही जातील. मरतात त्या छोट्या मॅचेस. रणजीचा सामना मंगळवारी सकाळी साडेनऊला सुरू होतो. शहरातल्या मैदानात लेक्चर बंक केलेला पोरगा येतो, रिटायर्ड काका डबा घेऊन येतात, ऑफिसवाला लंच अवरमध्ये दोन ओव्हर बघून जातो. यातला एकही माणूस एक्सप्रेसवेच्या कडेला जाणार नाही. आणि बॅटिंग कशी करायची हे टीव्हीपेक्षा कुंपणाला नाक लावून जास्त कळतं, हे खेळलेला कुणीही सांगेल. नाशिकचं बघा. २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना तिथल्या गोल्फ क्लब मैदानावर झाला, अगदी शहरात. म्हणजे असोसिएशनला गहुंज्याबाहेर पडता येतं.

आता मुंबईतही नवा घाट घातला जातोय. २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावी एक लाख प्रेक्षकांच्या स्टेडियमचा प्रस्ताव मुंबई असोसिएशनने पुढे आणला. वानखेडेपासून साठेक किलोमीटर! बांधा, जरूर बांधा. फक्त आधी रूळ टाका, मग खुर्च्या.

आणि आपलं काय? "जेट्सचे सामने रत्नागिरीत घ्या" असं म्हणायला मी निघालो होतो, तेव्हा रूममेटने पायात पाय घातला. म्हणाला, "अरे शहाण्या, लीग असते जूनमध्ये. जूनमध्ये इथे क्रिकेट खेळणार की होडी वल्हवणार?" हे मात्र खरं. कोकणातल्या जूनपुढे कुठल्याच ड्रेनेजची मात्रा चालत नाही. पहिल्याच वर्षी गहुंज्यालासुद्धा फायनल पावसाने धुतली आणि साखळीत वर होती म्हणून जेट्सला ट्रॉफी मिळाली. मग आमचा काय घाट!

पण डिसेंबर-जानेवारी कोरडाच असतो की. मारुती मंदिराजवळ छत्रपती शिवाजी महाराज स्टेडियम आहे, गावाच्या ऐन मध्यात, सगळ्या सिटी बस तिथूनच जातात. जेट्सच्या मालकांनी आपल्या संघाला थंडीत आठवडाभर इथे आणावं. दोन सराव सामने, जिल्ह्यातल्या पोरांसाठी एक दिवस नेट्स, एवढंच. रणजीचा एखादा सामना मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी खेळपट्टी आणि ड्रेसिंग रूमचं काम आधी व्हायला हवं, आणि ते नगर परिषदेच्या मागे लागून करून घ्यावं लागेल. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला सर्व्हे प्रोजेक्ट लागतोच. या वर्षी दरवेळचाच रस्ता मोजण्यापेक्षा आम्ही त्या मैदानाचे लेव्हल्स घ्यावेत असं मी सरांना सुचवलं आहे. सर "बघू" म्हणालेत.

त्या ज्युनिअरला मी सांगून ठेवलंय की जेट्स बघायला जायचं ठरलं तर सिटी बसचे पैसे मी देईन. गहुंज्याचं ठरलं तर ज्याचे त्याचे.