ठशातील खेडे

नवे वर्ष लागले की आमच्या सोलापुरातील पेढ्यापेढ्यांच्या भिंतींवर नव्या दिनदर्शिका चढतात. व्यापारी मंडळी त्या पदरखर्चाने छापून घेतात व गिऱ्हाइकांस फुकट वाटतात. त्यांवर बहुधा देवादिकांची चित्रे असतात, नाही तर परमुलखातील बर्फाचे डोंगर. देवांविषयी आमची तक्रार नाही. पण ज्या मुलखात बर्फ कधी पडत नाही तेथील मनुष्याने महिनोन्महिने बर्फ पाहत बसावे, आणि ज्या माळवदाखाली त्याचा आजा जन्मला त्याचे एकही चित्र त्याच्या घरी नसावे, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

बंगाल्यात हरेन दास (१९२१–१९९३) नावाचे एक चित्रकार होऊन गेले. ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकले व पुढे तेथेच शिकवू लागले. लाकडी ठसे कोरून त्यांनी बंगालची खेडी छापली: गवताने शाकारलेली घरे, तळी, ताडाची झाडे, होड्या, बैल. चित्रे आकाराने लहान. पण ती पाहणाऱ्यास त्या गावच्या उन्हाची तिरीप ओळखू येते.

ही कला कष्टाची आहे. खोडाचा आडवा छेद घेऊन तो आरशासारखा घोटतात व बारीक पोलादी कोरणीने त्यावर काम करतात. कोरलेल्या भागास शाई लागत नाही, तो पांढरा राहतो. म्हणजे कारागीर काळोखातून उजेड खोदून काढीत असतो. सर्व काही उलटे कोरावे लागते आणि चुकलेली रेघ पुसता येत नाही. मात्र एकदा ठसा साधला की त्यावरून शंभर छाप निघतात, व त्यांतील प्रत्येक छाप अस्सल असतो, नक्कल नव्हे. म्हणूनच हे चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्याइतकेच मास्तरांच्या खोलीतही शोभते आणि परवडते.

या विद्येस परकी म्हणण्याचे आम्हांस कारण नाही. १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून छापण्यात आली. आणि ज्या शहरात चादरीची नक्षी आधी चौकड्यांच्या कागदावर मांडून, मग पुठ्ठ्यांना भोके पाडून मागास शिकविली जाते, त्या शहराच्या कारागिरांस काळ्यापांढऱ्याचा हिशेब आम्ही काय शिकवावा?

कोणी म्हणेल, असली चित्रे म्हणजे खेड्याचे दारिद्र्य झाकणारा गोड पडदा होय. हा आक्षेप आम्ही फेटाळीत नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालची खेडी भुकेने ओस पडत होती. चित्तप्रसाद यांनी ती भूक कागदावर उतरविली, तेव्हा त्यांची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त केली. पुढे मुंबईस राहून त्यांनी लाकडाच्या व लिनोच्या ठशांतून गोरगरिबांचे जिणे मांडले. तेव्हा दोष कोरणीचा नाही. ती कोणत्या घरापुढे थांबते हा प्रश्न आहे. वेशीच्या आतला वाडा कोरावा आणि गावकुसाबाहेरची झोपडी वगळावी, असले चित्र आम्हांस नको. साक्षीदाराने सोयीचे तेवढेच सांगितले, तर त्या साक्षीची किंमत काय?

आणि साक्ष नोंदविण्यास वेळ थोडा उरला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती व माळवदांची जड माती झोपलेल्यांवर कोसळली व हजारो माणसे गेली. त्यानंतर लोकांचा माळवदावरील विश्वास उडाला, यात नवल नाही. कोणी पुन्हा त्याखाली निजावे असे आम्ही म्हणत नाही. पण जे घर राहण्यास सोडले ते स्मरणातूनही सोडावे काय? मोट गेली, गढ्या ढासळल्या, वेशी रस्तारुंदीत पडल्या. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. आज तेथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. इंग्लंडात टॉमस बेविक याने १७९७ च्या आपल्या पक्षिग्रंथात त्याच कुळातला एक मोठा पक्षी लाकडात कोरून ठेवला होता. १८३० नंतरच्या काही वर्षांत तो पक्षी त्या देशातून नाहीसा झाला. ठसा मात्र राहिला.

आमची व्यापारी मंडळींस सूचना इतकीच की, येत्या वर्षी निदान एका पेढीने तरी आपल्या दिनदर्शिकेची बारा चित्रे एखाद्या होतकरू तरुणाकडून लाकडात कोरून घ्यावीत. करमाळ्याची शहाण्णव पायऱ्यांची विहीर, मंगळवेढ्याचे ज्वारीचे शिवार, नान्नजचा माळ, एखादे उभे राहिलेले माळवद, आणि गावकुसाबाहेरचा एक उंबरठा. छापण्यास मोठे यंत्र लागत नाही. कागद ठशावर ठेवून चमच्याच्या पाठीने घासला तरी छाप उतरतो. वर्ष सरल्यावर ते ठसे वाचनालयाच्या स्वाधीन करावेत. दिनदर्शिकेचा खर्च पेढी दरसाल करतेच. यंदा त्यातून एका कारागिराची चूल पेटेल आणि जिल्ह्याच्या दप्तरी बारा अस्सल कागद जमा होतील. घर पडल्यावर त्याचा नकाशा शोधीत फिरण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त आहे.