प्रोसेस मारली म्हणजे दोष गेला असे नाही

सर्व्हर जड झाला की तो रीस्टार्ट करायचा, ही सवय आपल्या संगणक प्रयोगशाळांत फार रुजली आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०चे. यंत्र उघडून बिघाडाच्या मुळाशी जाणे सातारा-सांगलीच्या अभियांत्रिकीला नवे नाही. तीच शिस्त सॉफ्टवेअरलाही लागू व्हायला हवी. एक नेहमीचा बिघाड घ्या. विद्यार्थी दूरच्या सर्व्हरवर एडिटरमध्ये प्रोग्राम लिहीत असताना नेट तुटते आणि टर्मिनल नाहीसे होते. अशा वेळी लिनक्स ‘हँगअप’ सिग्नल पाठवते; तो मिळताच एडिटरने मजकूर जपून बंद व्हायचे असते. सिग्नलकडे दुर्लक्ष झाले, तर एडिटर पुढची कळ वाचायला जातो. वाचायला काही उरलेले नाही, असे उत्तर लिनक्सच्या कर्नलकडून लगेच येते. ते न तपासता एडिटर पुन्हा तेच विचारतो, आणि हे चक्र थांबतच नाही. ‘टॉप’मध्ये त्या प्रोसेसपुढे सीपीयू वापराचा १०० टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसतो, ‘पीएस’मध्ये टर्मिनलच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. प्रोसेस कर्नलला काय विचारते हे दाखवणारा ‘एसट्रेस’ लावला की रिकाम्या हाताने परतलेल्या ‘रीड’च्या त्याच त्या ओळी पडद्यावर धावू लागतात. कारण असे डोळ्यांसमोर येते.

प्रोसेस जबरदस्तीने संपवणाऱ्या ‘किल -९’ने क्षणात काम होते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण ९ क्रमांकाचा सिग्नल कोणत्याही प्रोग्रामला अडवता येत नाही, त्यामुळे मजकूर वाचवण्याची संधीही मिळत नाही. म्हणून आधी हँगअप, मग बंद होण्याची विनंती करणारा ‘टर्म’ आणि ९ अगदी शेवटी, हाच क्रम योग्य. विम हा एडिटर स्वॅप फाइल ठेवतो, त्यातून बराचसा मजकूर परत मिळतो. पण प्रत्येक एडिटरवर तेवढी भिस्त ठेवता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की सर्व्हरवरचे सत्र टिकवून ठेवणारे टीमक्स वापरले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. टीमक्स जरूर शिकवावे. नेट तुटले तरी त्यातले काम शाबूत राहते. मात्र त्याने प्रसंग टळतो, प्रोग्राममधला दोष तसाच राहतो. आणि हा दोष एडिटरपुरता नाही. नेटवर्कवरून माहिती वाचणारा कोणताही प्रोग्राम ‘रीड’चे उत्तर तपासत नसेल, तर तोही असाच अडकेल. उद्या तो प्रोग्राम लिहिणारे हेच विद्यार्थी असतील. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत नुसता चालणारा प्रोग्राम पाहून गुण देऊ नयेत. अडकलेली प्रोसेस समोर ठेवावी, ती का अडकली हे विचारावे आणि त्या उत्तराला गुण द्यावेत.