डुप्लिकेट झिंदाबाद!

‘असेंबल्ड’ म्हटलं की आपल्याकडे लगेच नाकं मुरडतात. मला विचाराल तर, दोस्तहो, आपल्या टेबलावर पीसी आला तो या डुप्लिकेटवाल्यांमुळेच!

१९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला तो बाजारातले तयार पार्ट जोडून. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. स्वतःचं कुलूप एकच, बायोस! १९८२ मध्ये सुरू झालेल्या कॉम्पॅकने ते फोडलं नाही, नवी किल्लीच बनवली. एका टीमने बायोस काय काय करतं ते लिहून काढलं. मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या टीमने त्यावरून नवा कोड लिहिला. एकदम कायदेशीर! १९८४ मध्ये फिनिक्सने असं बायोस इतर कंपन्यांना विकायला काढलं आणि क्लोनचा पूर आला. किमती धडाधड उतरल्या. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ काढून नवं कुलूप लावून पाहिलं, पण बाजार बधला नाही. २००५ मध्ये आयबीएमचा पीसीचा धंदाच लेनोव्होकडे गेला.

लॅमिंग्टन रोडवर एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याची रॅम जोडून मशीन उभं राहतं, ते याच भांडणाच्या पुण्याईवर. आयबीएम हरली, पीसी जिंकला. तुमच्या बॉसला हे पटणार नाही. गिऱ्हाइकाला मात्र नक्की पटेल!