गल्लीतला नाच : कोरियाने आधार दिला, आपण टाळ्या दिल्या

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपल्याकडे कोणी अभिमानाने ऐकवतो, तर कोणी खोचकपणे. त्याच जर्मनीत २००५ मध्ये परभणीसारख्या शहराने लक्षात ठेवावी अशी एक घटना घडली. ब्राउनश्वाइग येथे झालेल्या 'बॅटल ऑफ द इयर' या ब्रेक डान्सच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा 'लास्ट फॉर वन' हा गट विजेता ठरला. हा गट मूळचा राजधानी सोलमधला नव्हता. तो भातशेतीच्या जिओला प्रांतातील जॉन्जू या शहरात घडला होता. पान्सोरी या पारंपरिक कथागायनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरातील मुलांनी रस्त्यावरच्या नाचात जग जिंकले. हे त्यांना कसे साधले आणि आपल्याला का साधत नाही, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही.

चित्रफितींवरची शिकवणी

ब्रेकिंगचा जन्म १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत झाला. कोरियात तो खऱ्या अर्थाने रुजला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. परदेशी स्पर्धांच्या चित्रफिती हातोहात फिरत आणि त्या पुन्हा पुन्हा पाहून मुले डोक्यावर, खांद्यावर, तळहातावर फिरण्याचे तंत्र आत्मसात करीत. शिक्षणाला आणि परीक्षेतील गुणांना कमालीचे महत्त्व देणाऱ्या त्या समाजात ही मुले वाया गेलेली समजली जात. आपल्याकडील पालकांना हे चित्र अपरिचित वाटू नये.

हे चित्र पालटले ते निकालांमुळे. 'एक्स्प्रेशन' या कोरियन गटाने २००२ मध्ये 'बॅटल ऑफ द इयर' जिंकली, २००४ मध्ये 'गॅम्बलर्झ'ने आणि पाठोपाठ २००५ मध्ये जॉन्जूच्या मुलांनी. किम होंग-युल ऊर्फ 'होंग टेन' हा २००६ मध्ये 'रेड बुल बीसी वन' या वैयक्तिक स्पर्धेचा विजेता ठरला. त्यानंतर शासन जागे झाले. २००७ मध्ये 'आर-सिक्स्टीन' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या पाठीशी कोरियाची पर्यटन यंत्रणा उभी राहिली. जी मुले कालपर्यंत वाया गेलेली होती, ती देशाची ओळख म्हणून मिरवली जाऊ लागली. पुढे २०२१ मध्ये 'स्ट्रीट वूमन फायटर' या दूरचित्रवाणी मालिकेने गायकांच्या मागे नाचणाऱ्या नर्तकींना घराघरांत पोहोचविले आणि तळघरातला हा नाच पूर्णपणे मुख्य प्रवाहात आला.

या प्रवासाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी सराव, मग स्पर्धा, त्यानंतर सार्वजनिक पाठबळ आणि सर्वांत शेवटी दूरचित्रवाणी. सगळेच आलबेल होते असे नाही. सक्तीच्या लष्करी सेवेने ऐन उमेदीची वर्षे हिरावली जातात आणि नाचावर पोट भरणे तेथेही सोपे नाही. तरीही होंग टेनने २०२३ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले आणि त्याच महिन्यात पॅरिस येथे तिसऱ्यांदा 'बीसी वन' जिंकली. इतका दीर्घकाळ टिकणारा खेळाडू केवळ जिद्दीवर उभा राहत नाही. त्याच्यामागे वर्षानुवर्षे चालणाऱ्या स्पर्धांची शिस्त असते.

आपल्याकडे उलटा क्रम

महाराष्ट्रात गुणवत्तेची वाण नाही. धारावीत 'स्लमगॉड्स' हा गट उभा राहिला. २००८ च्या 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटाच्या नावाला या गटाचे नाव हेच प्रत्युत्तर होते. वस्तीतील मुलांना विनामूल्य नाच शिकविण्याचे काम त्याने केले. वसई-नालासोपारा पट्ट्यातील मुलांचा 'किंग्ज युनायटेड' हा गट २०१५ मध्ये जागतिक हिप-हॉप नृत्य स्पर्धेत कांस्यपदकाचा मानकरी ठरला आणि २०१९ मध्ये अमेरिकेतील 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकून त्याने दहा लाख डॉलरचे बक्षीस मिळविले. २०२० मध्ये मुंबईच्याच 'व्ही अनबीटेबल'ने 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स'मध्ये बाजी मारली. 'बीसी वन'ची जागतिक अंतिम फेरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाली.

मात्र यातील बहुतेक यश दूरचित्रवाणीच्या मंचावरचे आहे. 'बूगी वूगी'पासून 'एका पेक्षा एक'पर्यंतच्या कार्यक्रमांनी नाचाला प्रतिष्ठा दिली हे मान्यच करावे लागेल. परंतु असा कार्यक्रम म्हणजे सोडत असते. ज्याचा क्रमांक लागला तो तरला, उरलेले परत आपल्या गल्लीत. शिवाय हा सारा व्यवहार मुंबई आणि तिच्या उपनगरांपुरता. तपोवन एक्स्प्रेसने मुंबई गाठून निवडचाचणीच्या रांगेत उभे राहणे, एवढाच मार्ग परभणी, जिंतूर किंवा सेलूच्या मुलासमोर उरतो. गावी त्याच्या वाट्याला येते ते शाळेचे स्नेहसंमेलन आणि गणेशोत्सवाची मिरवणूक. दोन्ही वर्षातून एकदाच.

खेळ की कला?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली ब्रेकिंगचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा हे चित्र बदलेल अशी आशा होती. मात्र लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमधून ते वगळण्यात आले. क्रिकेट आत आले, ब्रेकिंग बाहेर गेले. ऑलिम्पिकचे दार मिटल्यानंतरही कोरियातील नर्तक उघड्यावर पडणार नाही, कारण त्याची शिडी ऑलिम्पिकच्या आधीपासून उभी आहे. आपल्याकडे शिडीच नसल्याने दार उघडले काय आणि मिटले काय, फरक शून्य.

महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत क्रीडा स्पर्धांसाठी वाढीव गुण मिळतात, तसेच शास्त्रीय कला आणि लोककलांसाठीही मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण हे सारे यादीतील नावांवर अवलंबून असते. ब्रेकिंग हा प्रकार खेळ आणि कला यांच्या सीमारेषेवर उभा आहे. तो शास्त्रीय नाही, रूढ अर्थाने लोककलाही नाही. अशा सीमेवरच्या प्रकाराचे काय होते, हे मल्लखांबाच्या उदाहरणावरून कळते. आखाड्यातील हा व्यायामप्रकार नियमबद्ध स्पर्धांमुळे खेळ म्हणून उभा राहिला आणि खेलो इंडिया युवा स्पर्धांपर्यंत पोहोचला. मान्यता आपोआप आली नाही. आधी नियम आले, पंच आले, जिल्हावार स्पर्धा आल्या.

फार मोठ्या खर्चाची येथे गरज नाही. सिमेंटच्या गच्चीवर डोक्यावर फिरणाऱ्या मुलाच्या मानेला आणि मनगटाला धोका असतो. त्याला हवी आहे गुळगुळीत लाकडी फरशी, आठवड्यातील ठरावीक तास आणि तंत्र जाणणारा एक प्रशिक्षक. नगरांमधील सभागृहे समारंभांखेरीज अनेकदा रिकामी असतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवासारखा तयार मंच विभागाकडे आहे. अशा व्यासपीठांवर रस्त्यावरच्या नृत्याची स्वतंत्र, नियमबद्ध स्पर्धा दरवर्षी घेण्यास कोणाची हरकत असावी?

जॉन्जूने पान्सोरी सोडली नाही आणि नव्या नाचालाही दूर लोटले नाही. शाहिरी, गोंधळ आणि भारुडाचा वारसा सांगणाऱ्या मराठवाड्याला हे अवघड जाऊ नये. टाळ्या आपण भरपूर वाजविल्या आहेत; आता फरशी द्यावी लागेल.